अक्काचा तीळ

मैत्रिणींनो, दिवाळीपासून इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघीतिघींनी फोन करून चौकशी केली. तब्येत उत्तम आहे, घरातलं सगळं ठीक आहे. कॉम्प्युटर बदलला, एवढंच. पण ह्या "एवढंच"पायी महिना-दीड महिना गेला आणि शेवटी गोष्ट कॉम्प्युटरवरून भलतीकडेच गेली. म्हणून लिहायला बसले आहे. आज पाककृती नाही.

माझा जुना कॉम्प्युटर २०१३ सालचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सुरक्षेची अपडेट्स बंद होणार हे पेपरात वाचलं होतं. विंडोज ११ त्यावर चालेना, कारण त्याला लागणारी टीपीएम २.० नावाची चिप माझ्याकडे नाही आणि प्रोसेसरही जुना. नवीन घ्यायचा तर चाळीसएक हजार. आमचे हे म्हणाले, "घे की." पण चालतं यंत्र टाकून द्यायला मला जमत नाही, मिक्सर असो की कॉम्प्युटर. पुतण्या म्हणाला, "काकू, लिनक्स मिंट टाकतो, फुकट आहे आणि ह्याच मशीनवर पळेल." एका रविवारी त्याने जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, मिंट घातलं, माझे फोटो कॉपी करून दिले, दोन ताटं पुरणपोळी जेवला आणि पुण्याला गेला.

मशीन खरंच पळायला लागलं. पूर्वी चालू करून मी दूध तापवून यायची, आता बसेपर्यंत तयार. आनंद दोन दिवस टिकला.

तुम्हाला ठाऊक आहे, माझे सगळे फोटो पिकासात होते. गूगलने ते २०१६ मध्ये थांबवलं, पण आधी घेतलेलं चालत राहिलं म्हणून मी ते सोडलं नव्हतं. वाकडा फोटो सरळ करायचा, कडेचा नळ कापायचा, अंधार असेल तर उजेड वाढवायचा. मला याहून जास्त लागत नाही. मिंटवर पिकासा नव्हतं, म्हणून फोटो नुसतेच उघडून बघितले. आणि बघते तर काय, बारा वर्षं केलेलं काम गायब! नातवाच्या बारशाचे फोटो पुन्हा काळेकुट्ट, कापलेला नळ परत जागेवर, पन्हाळ्याची तटबंदी परत वाकडी. मला वाटलं पडदा बिघडला. मग वाटलं पुतण्याने भलतेच फोटो आणले. त्याला फोन केला, तो म्हणाला, "काकू, मी काहीच बदललं नाही, जसे होते तसे आणलेत." तोही खरंच बोलत होता.

पण सगळेच फोटो तसे नव्हते. काही नीट होते, अगदी मी दुरुस्त केले तसेच. काही फिरले आणि काही नाही, याचा अर्थ काय? आम्ही कॉलेजात ट्रायल बॅलन्स जुळला नाही की आधी फरकाचा आकडा बघायचो, तो कशाने भागतो, कुठल्या नोंदीशी जुळतो. तसं मी वही घेऊन बसले. डावीकडे बिघडलेले, उजवीकडे शाबूत. तिसऱ्या पानावर लक्षात आलं. शाबूत होते ते सगळे मी कधी ना कधी स्टुडिओत नेऊन प्रिंट काढलेले फोटो होते. प्रिंटला द्यायच्या आधी मी पिकासात "सेव्ह"चं बटण दाबायची. बाकीच्यांना ते कधी दाबलंच नव्हतं, कारण न दाबताही फोटो सुधारलेलाच दिसायचा.

पुढचं पुतण्याने शोधून सांगितलं. पिकासा फोटोला हातच लावत नसे. "हा एवढा कापला, हा एवढा उजळला" अशी नोंद ते त्याच फोल्डरमधल्या एका लहानशा फाइलीत करून ठेवी आणि दाखवताना ती नोंद लावून दाखवी. म्हणजे मूळ बिल तसंच, आणि दुरुस्त्या रोजकीर्दीत. सेव्ह केलं तरच दुरुस्ती फोटोत उतरायची. आणि तेव्हासुद्धा जुना फोटो फेकून न देता ते एका वेगळ्या फोल्डरात जपून ठेवी. ही नोंदीची फाइल आणि हे जुन्या फोटोंचं फोल्डर, दोघांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते आणि दोन्ही लपवलेली असतात. पुतण्याने प्रत्येक फोल्डर उघडून, आतले दिसतील तेवढे सगळे निवडून कॉपी केले होते. जे दिसत नव्हतं ते मागे राहिलं. अख्खं फोल्डर उचललं असतं तर लपलेलंही सोबत आलं असतं. हे लक्षात ठेवा, तुमच्याही कामी येईल.

"जुनी डिस्क आहे ना?" त्याने विचारलं. होती. तो जाताना म्हणाला होता की ती फॉरमॅट करून बॅकअपला वापरा, पण आम्हा कॉमर्सवाल्यांना जुनं दप्तर लगेच पुसवत नाही. कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. म्हटलं आहे, बघू सावकाश. घाई नव्हती. वाकडा पन्हाळा काही कुठे पळून जात नव्हता.

दरम्यान मी गिंप शिकायला घेतलं. हे फोटो दुरुस्तीचं फुकट सॉफ्टवेअर, १९९६ पासूनचं आहे. पिकासा म्हणजे घरची विळी असेल तर हे आचाऱ्याचं अख्खं स्वयंपाकघर. पहिल्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगते, हसा हवं तर. चकलीचा फोटो छान उजळून सेव्ह केला आणि नणंदांच्या ग्रुपवर टाकला. कुणालाच उघडेना. गिंपमध्ये सेव्ह म्हणजे त्याच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात ठेवणं, ते आपल्या कच्च्या वहीसारखं. बाहेर द्यायचा जेपेग हवा असेल तर "एक्सपोर्ट अॅज". हे कळेपर्यंत मी तीच चकली चार वेळा पाठवली होती आणि धाकट्या नणंदेने उत्तर दिलं होतं, "वहिनी, आता डबाच पाठवा."

दुसऱ्या दिवशी ब्रश चालेना. फिरवतेय, फिरवतेय, काही उमटत नाही. बंद करून चालू केलं, तरी तेच. अर्ध्या तासाने दिसलं की फोटोच्या कोपऱ्यात तांदळाएवढी एक तुटक रेघांची चौकट सरकतेय. चुकून तेवढाच भाग निवडला गेला होता आणि गिंप इमानदारीने तेवढ्याच भागात रंगवायला तयार होतं. सिलेक्ट मेनूत जाऊन "नन" केलं की सुटका. आता काही चालेनासं झालं की मी आधी तेच करते.

तर असं चाललेलं असताना आई राहायला आली. आई आता सत्त्याऐंशीची. एका डोळ्याने अंधुक दिसतं, पण नवीन पडद्यावर फोटो मोठे करून दाखवले की तिला बरं वाटतं. मी संध्याकाळची जेवणं सूर्य मावळायच्या आत आटोपली की तिला शेजारी खुर्ची द्यायची आणि एकेक फोटो दाखवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्काचा फोटो लागला.

हा फोटो १९८१ चा. श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता, मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा होता. सांगलीहून आमच्या गल्लीतल्या लोकांनी बस केली होती. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अक्काचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, ती सासरहून आमच्याबरोबर आली होती. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढण्याआधी खाली कुणीतरी आम्हा दोघींचा फोटो काढला. कृष्णधवल. अक्का पदर खोचून उभी आहे आणि मी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आहे. अक्काचा सासरी जाण्याआधीचा चेहरा अजून त्यात आहे, असं आई म्हणते. लग्नानंतरचा आहे, पण ती म्हणते तसं.

फोटोला घडी पडली होती, नेमकी अक्काच्या कपाळावरून उजव्या डोळ्यातून गालापर्यंत. शिवाय बुरशीचे तपकिरी ठिपके. अक्का गेल्यावर तीन वर्षांनी, २०१२ मध्ये मी तो स्कॅन करून आणला आणि नवीन घेतलेल्या कॉम्प्युटरवर पुढच्या वर्षी पिकासात दुरुस्त करायला बसले. एकेक ठिपका शेजारच्या चांगल्या भागाने झाकायचा. महिना लागला. कडेची अनोळखी माणसं कापली, पिवळेपणा घालवला. अक्काच्या मुलीला मोठी प्रिंट काढून दिली, ती तिच्याकडे इचलकरंजीला दिवाणखान्यात आहे. सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं. खरं सांगते, मीही स्वतःवर खूश होते. मूळ कागदी फोटो मी आईच्या ट्रंकेत परत ठेवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात आमच्या माहेरच्या घरात माळ्यापर्यंत चढलं, आईला आम्ही आदल्या दिवशी बाहेर काढलं होतं, ट्रंक राहिली. नंतर उघडली तेव्हा अल्बमची वीट झाली होती, पानं सुटेनात. पण माझ्याकडे दुरुस्त केलेला फोटो होता म्हणून मी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नव्हतं.

तो फोटो मी पडद्यावर मोठा केला. आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं. मग बोट पडद्याला लावून म्हणाली, "हिचा तीळ कुठं गेला गं?"

मी म्हटलं, "कुठला तीळ?"

"ओठाखाली. डाव्या अंगाला. न्हाऊ घालताना मी रोज बघायची. तुझ्या आजीला वाटायचं काजळ लागलंय, पदरानं पुसायला जायची."

मैत्रिणींनो, मला घाम फुटला. तीळ होता. होताच. सांगितल्याबरोबर तो मला डोळ्यांसमोर दिसला, अक्का हसली की वर सरकणारा. आणि मी तो बुरशीचा ठिपका समजून पुसला होता. चाळीस-पन्नास ठिपके पुसताना तोही एक. सख्खी बहीण, वीस वर्षं एका अंथरुणावर झोपलेली, आणि अकरा-बारा वर्षं तो बिनतिळाचा फोटो मी सगळ्यांना दाखवत होते, मलाही कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. आई काही रागावली नाही. तिने पुढचा फोटो मागितला.

त्या रात्री मी जुनी डिस्क वर्तमानपत्रातून काढली. घाई नाही म्हटलेलं सगळं एका प्रश्नाने घाईचं झालं होतं. तिचं यूएसबीचं कव्हर दुसऱ्या दिवशी कॉलेज कॉर्नरच्या दुकानातून आणलं. जोडली तर उघडली, पण फक्त वाचण्यापुरती. काही बदलायला गेलं की नकार. पुतण्याने फोनवर सांगितलं की विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून थोडं झोपेत राहतं, आणि अशा डिस्कवर लिनक्स लिहायला धजत नाही. "तुम्हाला फक्त वाचायचंच आहे ना काकू? मग उलट बरंय, काही बिघडायची भीती नाही." खरंच बरं होतं. त्या दिवशी माझा हात थरथरत होता.

फोल्डर उघडलं. स्कॅन केलेले एकवीस फोटो. दुसरं काही नाही. मग कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं. यादीत दोन नावं वाढली. एक ती नोंदींची फाइल आणि एक फोल्डर, टिंब-पिकासा-ओरिजिनल्स. त्यात सात फोटो होते, मी सेव्ह केलेले तेवढेच. सहावा अक्काचा. घडीसकट, बुरशीसकट, कडेच्या अनोळखी माणसांसकट. आणि ओठाखाली डाव्या बाजूला तीळ. इतर ठिपक्यांपेक्षा गोल, कडा स्वच्छ. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर कुणालाही कळलं असतं. मला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिली गोष्ट ही केली की अख्खं फोल्डर उचलून तीन जागी ठेवलं. मग आईला आवाज दिला. तिने बघितलं आणि म्हणाली, "ही बघ माझी पोरगी. पण ही चीर काढ बाई तेवढी."

म्हणजे नुसता जुना फोटो लावून चालणार नव्हतं. चीर नवीन फोटोत नव्हती, तीळ जुन्यात होता. सुदैवाने गिंप अशाच कामाचं आहे. आधी जुना फोटो उघडायचा, मग "ओपन अॅज लेयर्स" करून त्यावर दुरुस्त केलेला ठेवायचा, आणि वरच्या फोटोला तीळाच्या जागी रबराने भोक पाडायचं. खालचा तीळ त्यातून दिसेल. साडीच्या विरलेल्या जागेतून आतलं अस्तर दिसतं तसं.

लिहायला सोपं आहे. पहिली अडचण अशी की दोन्ही फोटो एकमेकांवर बसेनात, कारण वरचा मी कडेने कापलेला होता. अक्काच्या ओठाखाली माझी वेणी येत होती. वरच्या लेयरची अपारदर्शकता निम्म्यावर आणली, दोन्ही फोटो एकदम भुतासारखे दिसायला लागले, मग बाणाच्या बटणांनी एकेक टिचकी सरकवत डोळ्यावर डोळा आणि कुंकवावर कुंकू आणलं. कापला होता पण लहानमोठा केला नव्हता, म्हणून चपखल बसला.

मग रबर फिरवलं. काहीच झालं नाही. सिलेक्ट नन केलं. तरी नाही. चांगलं वीस-पंचवीस वेळा घासलं. नंतर लेयरच्या यादीकडे लक्ष गेलं तर निवडलेला लेयर खालचा! म्हणजे मी झाकलेल्या फोटोतला तीळच घासत होते. वरचा लेयर डोळ्याच्या खुणेने लपवून बघितलं तर तिथे पांढराशुभ्र डाग. दुसऱ्यांदा पुसला, त्याच हाताने. कंट्रोल झेड दाबत दाबत मागे गेले, तीळ परत आला, आणि उठून पाणी प्यायले.

वरचा लेयर निवडून परत सुरू केलं. तीळ आला, पण त्याच्या भोवती पिवळट कडं. जुना फोटो पिवळा पडलेला आणि वरचा मी करडा केलेला, दोन्हींचा रंग जुळेना. अक्काला कुणी हळदीचं बोट लावल्यासारखं दिसत होतं. रबराचा आकार कमी केला, कडा मऊ केली, तिळापुरतंच पुसलं. तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री आमचे हे मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "आता आली." ते अक्काला लग्नापासून ओळखत होते. त्यांनाही एवढी वर्षं काही चुकलेलं दिसलं नव्हतं, हे मी तेव्हा त्यांना बोलले नाही.

बाकीच्या फोटोंचं थोडक्यात सांगते. पुतण्याने वाइन नावाच्या सोयीने मिंटवरच जुनं पिकासा चालू करून दिलं. जुन्या डिस्कवरून अख्खी फोल्डरं, लपलेल्या फाइलींसकट, परत आणली. पिकासाने नोंदी वाचल्या आणि पन्हाळा सरळ झाला, नळ गेला. मी ते सगळे वेगळ्या फोल्डरात एक्सपोर्ट करून घेतले, म्हणजे दुरुस्ती फोटोतच राहील. दोन दुपारी लागल्या. बारशाचा एक फोटो मात्र मी नंतर कधीतरी दुसऱ्या नावाने ठेवला होता, त्याची नोंद जुन्या नावावर होती. खातं बदललं आणि नोंद जुन्याच खात्यात. नाव परत पूर्वीचं केलं, लागली.

अक्काच्या फोटोची दहा बाय बाराची प्रिंट काढली. एक आईला आणि एक इचलकरंजीला. भाचीला कसं सांगावं कळेना. आधी फोन केला, म्हटलं, तुझ्या भिंतीवरच्या फोटोत माझ्या हातून एक चूक झाली होती, नवीन पाठवतेय. कुठली चूक, तिने विचारलं. सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती.

"मावशी," ती म्हणाली, "मला वाटायचं आईला तो तीळ नंतर आला."

तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. म्हटलं, जन्मतःच होता, तुझी पणजी पुसायला जायची. ती हसली, मग रडली, मग म्हणाली जुनी प्रिंटही ठेवणार, दुसऱ्या खोलीत लावणार. ठेव म्हटलं.

आईने तिची प्रिंट उशाशी ठेवली आहे. तिची एक तक्रार आहे की तीळ एवढा काळा नव्हता. मी म्हटलं, कृष्णधवल आहे गं आई.

जुनी डिस्क परत वर्तमानपत्रात गुंडाळली आहे, फॉरमॅट करणार नाही. आणि नव्या कॉम्प्युटरवर त्या जुन्या फोटोंच्या फोल्डरच्या नावाआधीचं टिंब मी काढून टाकलं आहे. आता ते नेहमी दिसतं.